पोरगं फुटबॉलमध्ये गोलकीपर व्हायचं म्हणतंय, तर हे वाचा

"सर, बाकीच्या पोरांनी किती गोल मारले ते मोजत्यात, आमच्यानं किती खाल्ले ते मोजत्यात. त्याला पुढं खेळवा की."

बेळगावजवळच्या येळ्ळूरहून पोराला माझ्याकडे सरावाला घेऊन येणारा एक बाप गेल्या पावसाळ्यात मला असं म्हणाला. उद्यमबागेतल्या फाउंड्रीतली रात्रपाळी संपवून तो थेट टिळकवाडीच्या मैदानावर आला होता. सामना आम्ही ४-१ हरलो होतो. पोरगं चौदा वर्षांचं, तांबड्या चिखलात बसून ग्लोव्हजची पट्टी दातानं सोडवत होतं आणि मान वर करत नव्हतं. बापाचं म्हणणं खोटं नव्हतं. पण कीपरचं करिअर कसं घडतं हे त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं. उभ्या उभ्या जेवढं सांगता आलं तेवढं मी त्या दिवशी सांगितलं. उरलेलं इथं लिहितोय, कारण बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातले पालक मला हेच प्रश्न विचारतात.

आधी एक गोष्ट पक्की करू. कीपरचं घड्याळ बाकीच्या दहा जणांपेक्षा वेगळं चालतं. ते उशिरा सुरू होतं, फार सावकाश चालतं आणि उशिरा थांबतं. स्ट्रायकरच्या, म्हणजे पुढं राहून गोल मारणाऱ्याच्या, मापानं कीपरचं वय, यश किंवा अपयश मोजायला गेलात तर सोळाव्या-सतराव्या वर्षीच चांगलं पोर हातचं जातं. माझ्या डोळ्यांसमोर अशी पोरं गेली आहेत.

त्या बापाला मी सुतळीचे दोन तुकडे आणून दाखवले. एक सुतळी डाव्या पोस्टला बांधली, दुसरी उजव्या पोस्टला. दोन्हींची मोकळी टोकं चेंडूजवळ आणून त्याच्या हातात दिली. चेंडू ठेवला होता गोलच्या अगदी समोर, पेनल्टी बॉक्सच्या रेषेवर, म्हणजे साडेसोळा मीटरवर. जमिनीवर एक लांबट त्रिकोण तयार झाला. सरळ मारलेला चेंडू गोलमध्ये जायचा तर त्याला या दोन सुतळ्यांच्या आतूनच जावं लागतं. आता गोलची रुंदी ७.३२ मीटर. कीपर गोललाइनवरच उभा राहिला तर ती सगळी ७.३२ मीटर त्यानं राखायची. तो साडेपाच मीटर पुढं, म्हणजे आतल्या छोट्या बॉक्सच्या रेषेपर्यंत आला, की सुतळ्यांमधलं अंतर उरतं ४.८८ मीटर. त्रिकोणाच्या बरोबर मध्यावर आला तर ३.६६, म्हणजे निम्मं. पोरगं तेच, हात तेवढेच, पण गोल लहान झाला. याला आम्ही कोन कापणं म्हणतो.

"मग पळत चेंडूपर्यंतच का जात नाही?" बापानं विचारलं. प्रश्न अगदी बरोबर होता. गोलची उंची २.४४ मीटर आहे. कीपर जितका पुढं येईल तितकी त्याच्या डोक्यामागची जागा मोकळी होते, आणि समोरच्यानं अलगद उचलून मारलेला चेंडू त्याच्या मागे जाऊन पडतो. शिवाय पळता पळता किक झाली तर पाय जमिनीवर नसतात आणि झेप घेता येत नाही. म्हणून किकच्या क्षणी कीपर थांबलेला हवा: दोन्ही पाय टेकलेले, वजन चवड्यांवर, हात कमरेच्या पुढे. किती पुढं यायचं, केव्हा थांबायचं, हे पाव सेकंदात ठरवायचं असतं. गोल अडवण्याचं निम्मं काम चेंडू सुटण्याआधी पायांनी झालेलं असतं आणि ते कडेला उभ्या असलेल्यांना दिसतच नाही. त्या दिवशीच्या चार गोलांपैकी दोन कुणालाच अडवता आले नसते. एक बचावातल्या पोराच्या पायाला लागून वळला. चौथा मात्र आमच्या कीपरचा होता, कारण तो लाइन सोडून पुढं आलाच नाही. घरी जाताना पोराला विचारायचं ते हेच, की त्या वेळी तू कुठं उभा होतास?

कीपर लवकर ठरवू नका, हे माझं ठाम मत आहे. बारा-तेरा वर्षांपर्यंत पोरानं सगळ्या जागी खेळावं. आपल्याकडे गल्लीत जो जाड किंवा ज्याला पळवत नाही, त्याला गोलमध्ये उभं करायची पद्धत आहे. तिनं खेळाचं फार नुकसान केलंय. १९९२ साली नियम बदलला. आपल्या खेळाडूनं मुद्दाम पायानं मागे दिलेला चेंडू कीपरला हातानं उचलता येईनासा झाला. त्या एका नियमानं कीपरला पाय वापरायला लावले. आज मोठ्या क्लबचा कीपर म्हणजे मागून खेळ रचणारा अकरावा खेळाडू, आणि दोन्ही पायांनी तीस-चाळीस मीटरचा पास देता येत नसेल तर ट्रायलमध्येच नाव कटतं. पुढं खेळलेलं पोर गोलमध्ये वाया जात नाही. भारताचे सगळ्यात नावाजलेले कीपर पीटर थंगराज लष्कराच्या मद्रास रेजिमेंटल सेंटरकडून आधी सेंटर फॉरवर्ड खेळायचे. नंतर ते गोलमध्ये गेले, १९५६ आणि १९६० ची ऑलिंपिक खेळले, १९५८ मध्ये आशियातले सर्वोत्तम कीपर ठरले आणि १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या संघात होते.

उंचीचं काय? उंची लागते, हे लपवण्यात अर्थ नाही. व्यावसायिक क्लब सहा फुटांच्या आसपासचं पोर शोधतात आणि भारताचा गुरप्रीत सिंग संधू तर त्याहूनही बराच उंच आहे. तरी मेक्सिकोचा जॉर्गे कांपोस साधारण १.७ मीटर उंचीवर १९९४ आणि १९९८ चे विश्वचषक खेळला. आणि पोरांची उंची पंधरा-सोळानंतरही वाढते. तेराव्या वर्षी भिंतीवर पेन्सिलनं रेघ मारून पोराचं भविष्य ठरवू नका.

आता आपल्या भागाचं बोलू. बेळगावच्या पोरासमोर तीन वाटा आहेत. कोल्हापूर शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, चोर्ला घाट उतरला की गोवाही तेवढ्यावरच, आणि बेंगळूर पाचशे किलोमीटर लांब. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग चालते. पेठापेठांचे संघ आहेत आणि हजारो लोक बघायला येतात. तरुण कीपरला दडपणाची सवय व्हावी यासाठी त्याच्यासारखी जागा नाही. गोव्यात क्लबांची जुनी परंपरा आहे आणि वयोगटाच्या संघांची चांगली साखळी आहे. पण आपण कर्नाटकात राहतो. जिल्ह्याकडून राज्याच्या संघात जायचं तर निवड बेंगळुरात होते, मोठी लीगही तिथेच. कर्नाटकानं २०२३ च्या मार्चमध्ये रियाधला मेघालयाला ३-२ हरवून संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्यांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा, जिंकली, ती तब्बल ५४ वर्षांनी. राज्याचा जर्सी आपल्या पोराच्या अंगावर यायचा असेल तर रात्रीची बस पकडून बेंगळूर गाठायची तयारी ठेवावी लागते.

त्याआधी एक कंटाळवाणं पण फार महत्त्वाचं काम असतं, ते कागदांचं. खेळाडूची नोंदणी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे ऑनलाइन होते आणि तिथे जन्मदाखला लागतो. आपल्याकडे जन्मदाखला कन्नडमध्ये, शाळेचा दाखला मराठीत, आधार कार्डावर तिसरंच स्पेलिंग. आडनावात एखादं अक्षर इकडचं तिकडे झालेलं असतं, कधी वडिलांच्या नावाऐवजी आजोबांचं नाव लागलेलं असतं. ट्रायलला निवड झाल्यावर कागद अडला की पोराचा अख्खा हंगाम जातो. हे दुरुस्तीचं काम पोरगं दहा-बारा वर्षांचं असतानाच उरकून टाका. आणि वय चोरू नका. वयोगटाच्या स्पर्धांत मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात. सापडलं तर पोराच्या नावावर कायमचा डाग लागतो. कीपरला तर वय कमी दाखवून काही मिळतही नाही, कारण त्याचं खरं वय पुढंच सुरू होतं.

आपल्या सीमाभागातल्या पोरांकडे एक गोष्ट आयती आहे आणि तिची किंमत आपल्याला कळलेली नाही, ती म्हणजे भाषा. अख्खं मैदान समोर दिसणारा संघातला एकटा माणूस म्हणजे कीपर. बचावातल्यांना पाठीमागून कोण येतंय ते दिसत नाही, ते त्यानं ओरडून सांगायचं असतं. कॉर्नर आली की "कीपर!" म्हणून गर्जना केली तर आपले बाजूला होतात. अर्धा क्षण उशीर झाला तर आपलाच माणूस अंगावर येतो. गप्प कीपर कितीही चपळ असला तरी कोच त्याला घेत नाही. आपलं पोर घरी मराठी बोलतं, बाजारात कन्नड, बसमध्ये हिंदी, शाळेत इंग्रजीही. पणजीत गेलं तर महिन्याभरात कोकणी उचलतं. बेंगळूरच्या ड्रेसिंगरूममध्ये मणिपूर, केरळ, बंगालची पोरं एकत्र असतात आणि तिथे चार भाषांत हुकूम देणारा कीपर कोचला लगेच लक्षात राहतो. म्हणून मी सरावात पोरांना कन्नडमध्येही ओरडायला लावतो.

क्लबमध्ये घेतलं, करार झाला, तर पुढं काय? इथंच पालक सगळ्यात जास्त चक्रावतात. संघात साधारण तीन कीपर असतात आणि खेळतो एक. मिडफिल्डर बसलेला असेल तर शेवटची वीस मिनिटं तरी उतरतो. कीपर मात्र दुखापत किंवा लाल कार्ड झाल्याशिवाय सहसा बदलत नाहीत. दुसरा आणि तिसरा कीपर आठवडाभर तेवढाच घाम गाळतात आणि सामन्याच्या दिवशी बाकावर बसतात. हे कधी कधी वर्षानुवर्षं चालतं. अर्जेंटिनाचा एमिलियानो मार्टिनेझ २०१० साली आर्सेनलमध्ये पोरवयात आला. पुढची दहा वर्षं त्या क्लबनं त्याला एकामागून एक सहा क्लबांकडे लोनवर, म्हणजे उसना, खेळायला पाठवलं. २०२० मध्ये पहिला कीपर दुखापतीनं बाहेर गेला आणि याला जागा मिळाली. त्याच वर्षी तो अ‍ॅस्टन व्हिलाकडे गेला आणि २०२२ चा विश्वचषक जिंकून स्पर्धेतला सर्वोत्तम कीपर ठरला. तेव्हा त्याचं वय होतं तीस. पंचविसाव्या वर्षी त्याच्या घरच्यांनी "बस झालं, दुसरं काही बघ" म्हटलं असतं तर कुणी त्यांना चूक म्हटलं नसतं.

लोन हा शब्द ऐकून घाबरू नका. कीपरसाठी ती बहुतेक वेळा चांगली बातमी असते. मोठ्या क्लबच्या बाकापेक्षा लहान क्लबच्या गोलमधले तीस सामने त्याला जास्त घडवतात.

कराराबद्दल दोन नियम लक्षात ठेवा. फिफाच्या नियमांप्रमाणे अठरा वर्षांखालच्या खेळाडूला तीन वर्षांपेक्षा जास्त करार करता येत नाही, आणि मोठ्या खेळाडूचा करार सर्वसाधारणपणे जास्तीत जास्त पाच वर्षांचा असतो. यापेक्षा लांब मुदतीचा कागद पोरापुढे कुणी ठेवला तर सही करू नका. "अमुक क्लबात घालतो" म्हणून आगाऊ रोख मागणाऱ्यापासून तर लांबच राहा. आमच्या ओळखीतल्या एका आईनं अशा माणसाला पैसे देण्यासाठी सोनं गहाण ठेवलं. ट्रायल झालीच नाही.

भारतातल्या कीपरसाठी एक गोष्ट अनुकूल आहे. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग ही देशातली मोठी क्लब लीग सुरू झाली तेव्हा काही संघ परदेशी कीपर आणायचे. २०२१-२२ च्या हंगामापासून एका वेळी मैदानावर चारच परदेशी खेळाडू अशी मर्यादा आली. चार जागा म्हटल्यावर क्लब त्या स्ट्रायकर, मिडफिल्डर आणि बचावपटूंवर खर्च करतात आणि गोलमध्ये भारतीय पोरगा उभा राहतो. भारतीय स्ट्रायकरची जागा परदेशी माणूस खातो, पण भारतीय कीपरची तशी खाल्ली जात नाही. दुसरी बाजूही सांगायला हवी. २०२५ च्या जुलैमध्ये ही लीग चालवायच्या हक्कांच्या कराराचा घोळ झाला, पुढचा हंगाम स्थगित झाला आणि काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. फक्त क्लबच्या पगारावर घर चालवायची आखणी करू नका. पदवी पुरी करा. रेल्वे, पोलीस, सैन्यदल यांच्या खेळाडू कोट्यातून नोकरी मिळते आणि तिथले संघ चांगल्या दर्जाचं फुटबॉल खेळतात. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बघत मोठं झालेल्या पोराला सैन्याची वाट नवी नाही, आणि थंगराज त्याच वाटेनं मोठे झाले.

पेनल्टीबद्दल लोक फार बोलतात. हिशेब असा आहे की अकरा मीटरवरून ताशी शंभर किलोमीटर वेगानं मारलेला चेंडू सुमारे ०.४ सेकंदात गोलमध्ये पोचतो. चेंडू सुटल्यावर बघून झेपावायचं म्हटलं तर वेळच उरत नाही, म्हणून किकच्या आधीच कीपरला अंदाज बांधावा लागतो. २०१९ पासून किकच्या वेळी निदान एक पाय तरी लाइनवर हवा. २००७ मध्ये इस्रायलच्या संशोधकांनी २८६ पेनल्टी तपासल्या. २८.७ टक्के किक मधल्या भागात आल्या होत्या, पण कीपर मध्येच थांबले होते फक्त ६.३ टक्के वेळा. असं का? त्यांचं म्हणणं असं, की झेपावून गोल खाल्ला तर "प्रयत्न केला" म्हणतात, आणि उभं राहून खाल्ला तर तो जास्त बोचतो. चौदा वर्षांच्या पोरालाही हे बरोबर कळतं. कडेला उभे राहून "उडी मार की रे!" म्हणून आपण ओरडतो आणि पोरगं आपल्याला दाखवायला लवकर झेपावतं. माझी पालकांना हात जोडून विनंती आहे, सामन्यात कीपरच्या मागे उभे राहून सूचना देऊ नका.

शांत राहणं काय असतं ते ४ जुलै २०२३ ला बेंगळूरच्या कंठीरवा स्टेडियमवर दिसलं. सॅफ या दक्षिण आशियाई स्पर्धेची अंतिम लढत, कुवेतविरुद्ध १-१, मग पेनल्टी. पहिल्या पाच फेऱ्यांत गुरप्रीतवर चार गोल झाले. बरोबरीनंतरच्या सडन डेथमध्ये, म्हणजे एकेका किकच्या निर्णायक फेरीत, त्यानं डावीकडे झेप घेऊन किक अडवली आणि भारत ५-४ जिंकला. आधीचे गोल त्यानंतर कुणी मोजले नाहीत.

शरीराची काळजी घ्यायची तर सुरुवात पडण्यापासून करा. आपल्याकडचं मैदान म्हणजे उन्हाळ्यात मुरूम आणि पावसात चिखल. झेप शिकवताना पोराला आधी गुडघ्यांवर बसवून पाडायचं, मग उकिडवं, मग उभ्यानं. आधी चेंडू जमिनीला लागावा, मग मांडीची बाजू आणि खांदा. कोपर कधीच टेकायचं नाही. उंच चेंडूला दोन्ही अंगठे जवळ, जमिनीलगतच्या चेंडूला करंगळ्या जवळ. माझी डाव्या हाताची करंगळी आजही सरळ होत नाही. विशीत बोट मुरगळलं तेव्हा हळद लावून पुढच्या रविवारी खेळलो आणि डॉक्टरकडे गेलो नाही. तुम्ही असं करू नका. डोक्याला मार लागला तर पोरानं कितीही "बरं वाटतंय" म्हटलं तरी त्या दिवशी परत खेळवायचं नाही, थेट डॉक्टरकडे न्यायचं. चेल्सीचा पेत्र चेख २००६ च्या ऑक्टोबरमध्ये कवटी फुटून महिनोन्महिने बाहेर होता, आणि परतल्यावर निवृत्त होईपर्यंत डोक्यावर संरक्षक टोपी घालूनच खेळला. ग्लोव्हज महाग असतात, तेव्हा ते टिकवा. तळव्याचा थर ओलसर असेल तरच चेंडू धरतो, म्हणून सामन्याआधी पाणी लावायचं. सामना झाला की कोमट पाण्यात दाबून दाबून माती काढायची, पिळायचं नाही, सावलीत वाळवायचं. उन्हात टाकले तर तळवा तडकतो.

मुलींच्या पालकांसाठीही हेच सगळं लागू आहे. अदिती चौहान २०१५ मध्ये इंग्लंडला वेस्ट हॅमच्या महिला संघाकडून खेळली, ती कीपरच. आमच्याकडे सध्या दोन मुली गोलमध्ये उभ्या राहतात आणि उंच चेंडूला त्या मुलांपेक्षा जास्त धीटपणे पुढं येतात.

आणि थांबायचं केव्हा? कीपर एका सामन्यात पाच-सहा किलोमीटर चालतो-पळतो, मिडफिल्डर त्याच्या दुप्पट. गुडघे, मांड्या कमी झिजतात आणि खेळ वाचायची नजर वर्षागणिक वाढते. इटलीच्या दिनो झोफनं १९८२ चा विश्वचषक कर्णधार म्हणून जिंकला तेव्हा तो चाळीस वर्षांचा होता. इजिप्तचा एसाम अल हदारी २०१८ च्या विश्वचषकात पंचेचाळिसाव्या वर्षी उतरला आणि त्या सामन्यात त्यानं पेनल्टी अडवली. मानही उशिराच मिळतो. आपल्या शेजारच्या गोव्याचे ब्रह्मानंद शंखवाळकर भारताचे कर्णधार होते १९८० च्या दशकात. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला १९९७ मध्ये आणि पद्मश्री २०२२ मध्ये. खेळ थांबला तरी काम संपत नाही, कारण आता प्रत्येक व्यावसायिक क्लबला कीपरसाठी वेगळा कोच लागतो आणि आशियाई महासंघाचे त्यासाठीचे खास अभ्यासक्रम आहेत. गावागावांत तर असा कोच सापडतच नाही.

येळ्ळूरच्या त्या बापानं मागच्या महिन्यात पोराच्या जन्मदाखल्यावरचं नाव दुरुस्त करून आणलं. सुतळीचे ते दोन तुकडे त्यानं मागून नेले, घरामागच्या रानात दोन बांबू रोवलेत म्हणाला. ग्लोव्हज अजून जुनेच आहेत. दिवाळीला बोनस झाला की नवे घेऊ, असं ठरलंय.